आर्बेय लासोची सोनेरी धूळ

आर्बेय लासो धूळ उडवायचा. तोंडानं नव्हे, तोंडानं तो फार कमी बोलायचा. काली शहरात सान फेर्नांदो भागात पांदेबोनोच्या, म्हणजे चीजच्या पावांच्या, बेकरीवर आमचा स्टुडिओ आहे. कार्टूनमध्ये जे जे बारीक आणि उडणारं लागतं, म्हणजे धूळ, धूर, राख, ठिणग्या, पाकळ्या, ते सगळं तो तिथे कॉम्प्युटरवर बनवायचा. मीही तिथेच काम करते. लोकांच्या मानगुटीवर बसून तारखा पाळायला लावायच्या, हे माझं काम. मला सगळे घाबरतात, आणि घाबरायलाच हवं. संध्याकाळी डोंगरावरून वारा सुटला की ही मंडळी खुर्च्या सोडून गच्चीवर जाऊन बसतात, ती दिवस मावळला तरी खाली यायचं नाव घेत नाहीत. बसा म्हणावं खुशाल, पण काम देणाऱ्या टोरोंटोच्या कंपनीला मी काय सांगू?

आर्बेयला मात्र कधी गच्चीवरून हाकलून आणावं लागलं नाही. तो वर जायचाच नाही. उंच, खांद्यात वाकलेला, शर्टाच्या खिशात कायम एक अर्धी खाल्लेली चिक्की. तो मूळचा कांदेलारियाचा, उसाच्या गावचा. तिकडे कापणीआधी ऊस जाळतात आणि त्याची काळी राख उडत येऊन लोकांच्या वाळत घातलेल्या चादरींवर बसते. त्याची आई साखर कारखान्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत चादरी झटकायची आणि हा दारात बसून कुठली राख कुठे पडते ते बघायचा, असं तो सांगायचा. मला ते थोडं रचलेलं वाटायचं. पण राखेची नजर त्याला होती, हे मात्र खरं.

त्याच्या कामातली मेख त्यानंच एकदा मला समजावली होती.

"लाखभर कण असतात, नुबिया. एकेकाला धरून कुठे कुठे नेणार? कणाला हात लावायचाच नसतो. आपण फक्त बळं लावायची. खाली ओढणारं एक, बाजूनं वारा, मध्ये एखादा भोवरा, कुठे ओढ, कुठे हवेचा अडसर. आणि सोडून द्यायचं. मग ते आपले आपण जातात."

"आणि जायला हवं तिथे नाही गेले तर?"

"तर आणखी एक बळ लावायचं."

हीच त्याची रीत. धूळ डावीकडे जास्त गेली तर तिकडे नेणारा वारा कमी करावा, हे कुणालाही सुचेल. आर्बेय तो वारा तसाच ठेवायचा आणि समोरून दुसरा लावायचा. पहिला वारा एकदा पास झालेला असायचा ना, त्याला हात लावायला तो धजायचा नाही. घरीही तेच. आयदेला, म्हणजे त्याच्या बायकोला, त्याचं एखादं वागणं खटकलं की ते वागणं तसंच राहायचं आणि हा वर एक केक घेऊन जायचा. आयदे मला म्हणायची, "नुबिया, माझं वजन वाढलंय ते याच्या माफ्यांनी."

मग टोरोंटोची मालिका आमच्याकडे आली. त्यात एक बकरी असते. ती शिंकली की नाकातून सोनेरी धूळ उडते आणि ज्या वस्तूवर पडेल ती वस्तू बोलायला लागते. किटली, बूट, मोडकी खुर्ची, काहीही. एवढीच गोष्ट. पोरांना एवढी पुरते, आणि खरं सांगायचं तर मलाही पुरते.

पहिल्या भागातली शिंक आर्बेयनं घाईघाईत, तारीख उलटून गेल्यावर, माझ्या शिव्या खात बनवली. धूळ उसळून वर गेली, वर गेल्यावर एक क्षण थबकली, घरी काहीतरी विसरून आल्यासारखी, आणि मग अलगद खाली उतरली. टोरोंटोला जोआन नावाची एक बाई होती. पास-नापास तिच्या हातात. ती ते बघून वेडीच झाली. हे थबकणं म्हणजेच आमची बकरी, असं तिनं लिहून पाठवलं. त्या दिवशी प्रोफेंनी सगळ्या स्टुडिओला फळं घातलेला बर्फाचा चोलादो खिलवला. प्रोफे म्हणजे आमचे मालक रोदोल्फो. पूर्वी कॉलेजात चित्रकला शिकवायचे, म्हणून अजून सगळे प्रोफेच म्हणतात.

त्या दिवसापासून आर्बेय बकरीच्या दावणीला बांधला गेला.

प्रत्येक भागात बकरी शिंकायची आणि प्रत्येक शिंकेवर जोआनचं काहीतरी म्हणणं असायचं. धूळ जरा जास्त प्रेमळ हवी. आजची शिंक उद्धट वाटते. इथे धूळ दुःखी असायला हवी, पण फार नको. मी हे आर्बेयला वाचून दाखवायचे आणि तो मान हलवत एक वारा इकडून लावायचा, एक भोवरा तिकडे ठेवायचा. रात्रभर मशीन चित्रं तयार करायचं. सकाळी तो मला हाक मारायचा.

"बघ बरं. आता नरम झाली ना?"

मी त्याच्या खुर्चीमागे उभी राहून बघायचे. "हो, झालीय खरी."

टोरोंटोहून उत्तर यायचं, अगदी हेच हवं होतं!

याच सुमारास आयदेला पोपायानला सरकारी इस्पितळात नर्सची कायमची नोकरी लागली. अशी नोकरी सोडणाऱ्याला आमच्याकडे आधी डॉक्टरला दाखवतात. त्यांची मुलगी साराय तेव्हा बालवाडीत होती. ठरलं असं, की आयदे मुलीला घेऊन पुढे जाईल आणि मालिकेचा हंगाम संपला की आर्बेय मागून जाईल. पोपायानच्या एका संस्थेत त्याला शिकवायचं कामही मिळत होतं. म्हणजे सगळं जुळून आलं होतं. तो प्रोफेंकडे गेला तेव्हा मी तिथेच होते.

"जा बाळा, जरूर जा," प्रोफे म्हणाले. "कुटुंबाहून मोठं काय असतं माणसाला? फक्त ती शिंक कुणाच्या तरी हातात देऊन जा."

प्रोफे कधी कुणाला नाही म्हणत नाहीत, म्हणून त्यांच्याशी भांडताही येत नाही. आर्बेय हसत बाहेर आला. त्याला वाटलं, महिन्याभराचं काम आहे.

पहिला आला तो बुगाचा जॉन फ्रेडी. कानावर हेडफोन, अंगात मस्ती, सगळं येतं म्हणणारा. आर्बेयनं त्याला आपली बळं उघडून दाखवली. तोवर शंभराच्या वर झाली होती. वाऱ्यावर वारा, त्यावर त्याला थोपवणारा वारा, भोवऱ्यात उलटा भोवरा. जॉन फ्रेडीनं एक वारा वाढवून पाहिला. धूळ ढिम्म. नेहमीसारखी वर गेली, थबकली, खाली आली. दुसरा वाढवला. काही नाही.

"तसं नाही," आर्बेय म्हणाला. "ती लगेच नाही ऐकत. सगळी बळं एकमेकांना धरून आहेत. एक हलवलं तर बाकीची सावरून घेतात. हात बसावा लागतो."

जॉन फ्रेडीचा हात काही बसला नाही. तो मेक्सिकोला गेला. मग पेरेराची एक मुलगी आली, परदेशात शिकलेली. तिनं आठवडाभर त्या बळांचा नकाशा काढला आणि शेवटी स्वच्छतागृहात जाऊन रडली. बाहेर येऊन मला म्हणाली, "नुबियाताई, मी कितीही काही बदललं तरी ती धूळ माझ्याकडे बघतसुद्धा नाही." तीही गेली. प्रत्येक जण जाताना म्हणायचा, हे आर्बेयशिवाय कुणाला जमायचं नाही. प्रोफे आर्बेयच्या खांद्यावर हात ठेवायचे आणि म्हणायचे, "बघतोयस ना, मी तरी काय करू?"

असा एक हंगाम गेला, दुसरा गेला. आयदे फोनवर आधी विचारायची, मग भांडायची, मग दोन्ही सोडून दिलं. महिन्यातून एखाद्या रविवारी तो बसनं पोपायानला जायचा. तेही रस्ता चालू असला तर. कधी दरड, कधी आंदोलन, आमचा तो रस्ता असाच आहे. साराय वाचायला लागली ते त्याला फोनवर कळलं. तिचा दात पडला तोही तिनं कॅमेऱ्यासमोर धरून दाखवला. आर्बेयनं पडद्यालाच नाक लावलं. मी तिथून उठून गेले, कारण मला असलं बघवत नाही.

एकदा जेवताना मी त्याला फाडकन विचारलं, "अरे, तू जात का नाहीस? राजीनामा दे आणि बसमध्ये बस."

"आणि इथल्यांचं काय?" तो म्हणाला. "बकरी गेली तर प्रोफेंकडे दुसरं आहे काय? रंग करणाऱ्या पोरी, आवाजवाला, तू. सगळे घरी बसाल. मला श्वास कोंडल्यासारखं होतं, नुबिया. सकाळी जिना चढताना वाटतं, आज काहीतरी होऊन हे मशीनच जळून जावं. पण जळलं तर तेही मलाच परत उभं करावं लागेल."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. आम्ही सगळे खरंच त्या एका शिंकेवर जगत होतो, आणि ती शिंक त्याच्या हातात होती. म्हणजे तेव्हा आम्हाला तसं वाटत होतं.

मग युरानी आली. ती बुएनाव्हेंतुराची, माझ्याहून थोडी लहान, हसली की बेकरीत खालपर्यंत ऐकू जायचं. आधी ती जाहिरातींसाठी बिअरचा फेस उसळवायची. टेबलावर कायम चोंतादुरोच्या फळांची पिशवी आणि मिठाची पुडी. आर्बेयनं तिला आपली बळं दाखवली आणि नेहमीचं सांगितलं, हात बसावा लागतो.

"माझा हात फार जड आहे," युरानी म्हणाली. "काही मोडलं तर ओरडू नकोस."

तिसऱ्या का चौथ्या दिवशी संध्याकाळी सगळे गच्चीवर होते. खाली आम्ही तिघंच. मी टोरोंटोला खोटी तारीख लिहीत होते. युरानीची खुर्ची करकरली आणि ती नेहमीपेक्षा हळू आवाजात म्हणाली, "आर्बेय, जरा इकडे ये. घाबरू नकोस, काही मोडलं नाही. तोच तर घोळ आहे."

मीही उठून गेले. तिनं खाली ओढणारं बळ उलटं केलं होतं. म्हणजे धूळ छताला जाऊन चिकटायला हवी. एका वाऱ्याचा आकडा तिनं इतका वाढवला होता की त्यात बकरीसुद्धा उडून जावी. तिनं बटण दाबलं. बकरी शिंकली. धूळ वर गेली, थबकली, अलगद खाली आली.

"आता हे बघ," ती म्हणाली, आणि एकेक करून सगळी बळं काढून टाकली. आर्बेयनं तिचा हात धरायला हात पुढे केला, पण उशीर झाला. पडद्यावर आता एकही बळ नव्हतं. वारा नाही, भोवरा नाही, ओढ नाही. युरानीनं पुन्हा बटण दाबलं. बकरी शिंकली. धूळ वर गेली, थबकली, अलगद खाली आली.

आर्बेय म्हणाला, "हे कसं शक्य आहे?"

युरानीनं बोटानं दाखवलं. कोपऱ्यात एक छोटासा चौकोन होता आणि त्यात बरोबरची खूण.

मला ते कळायला वेळ लागला. कॉम्प्युटर धुळीची हालचाल एकदा मोजून काढतो आणि साठवून ठेवतो, म्हणजे दर वेळी नव्यानं मोजायला नको. त्या चौकोनातली खूण म्हणजे, मोजू नकोस, साठवलेलंच दाखव. ती खूण असेपर्यंत तुम्ही बाहेरून वादळ लावा नाहीतर काहीच लावू नका, धूळ तेच करणार जे तिनं पहिल्या दिवशी केलं होतं. आणि साठवलेली हालचाल होती पहिल्या भागातली. फाइलला नाव होतं, शेवटची_आता_खरंच_शेवटची. आमच्या धंद्यात अशी नावं फक्त घाईतला माणूसच देतो.

म्हणजे पहिल्या हंगामापासून एकच शिंक. बकरी उभी असो की झोपलेली, तोच ढग तिच्या नाकाला चिकटून तिच्याबरोबर वळायचा. उजेड वेगळा, रंग वेगळा, कॅमेरा वेगळा, म्हणून आम्हाला दर वेळी नवा वाटायचा. प्रेमळ धूळ, उद्धट धूळ, दुःखी पण फार दुःखी नसलेली धूळ, सगळी एकच. आर्बेय रोज जे वारे लावत होता ते धुळीपर्यंत पोचतच नव्हते. आणि त्यानं विचारलं की मी मागून म्हणत होते, हो, नरम झालीय खरी. मला हसू आलं. खोटं का बोला, आधी हसूच आलं. मग मी आर्बेयकडे पाहिलं.

तो उभाच होता, एक हात अजून पुढे केलेला.

प्रोफेंना सांगावंच लागलं. ते इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. मग डोळे पुसून म्हणाले, "टोरोंटोला कळता कामा नये." आणि मग, खरोखर प्रेमानं, त्यांनी आर्बेयला मिठी मारली. "अरे, मग आता अडलंय कुठे? हे तर कुणीही करेल. जा बाळा, तू मोकळा झालास!"

मोकळा झाला हे ऐकून माणूस इतका पांढरा पडलेला मी कधी पाहिला नव्हता.

"नाही," आर्बेय म्हणाला. "असं कसं जाऊ? ती खूण काढतो आणि बळं नीट लावून देतो. मग जातो."

"कशाला? चाललंय ना!"

"चालत नव्हतं, प्रोफे. तेच तर."

त्यानं आपली बळं पुन्हा आणली, ती खूण काढली आणि बटण दाबलं. पहिल्यांदाच ती सगळी बळं धुळीवर तुटून पडली. अर्धी धूळ जमिनीतून आरपार गेली, अर्धी खिडकीतून बाहेर, आणि एक गोळा बकरीच्या कानात जाऊन अडकला आणि तिथेच थरथरत राहिला. युरानी पोट धरून हसत सुटली. आर्बेय खुर्चीत बसला आणि त्यानं पहिला वारा उचलला.

दुसऱ्या दिवशी तो सगळ्यांच्या आधी येऊन बसला होता. त्याच्या पुढच्या दिवशीही. एक वारा काढला की त्याला थोपवणारा दुसरा मोकाट सुटायचा, तो काढला की तिसरा. युरानी त्याला म्हणाली, "दादा, सगळं पुसून टाक आणि तीन बळांत कर. खाली ओढणारं एक, वारा एक, हवेचा अडसर एक. मी दुपारपर्यंत करून देते." त्यानं ऐकल्यासारखं केलं आणि काम चालू ठेवलं. इकडे टोरोंटोला युरानी जुनीच साठवलेली शिंक पाठवत होती, आणि जोआन लिहीत होती, अगदी हेच!

आयदेला त्यानं काहीच सांगितलं नव्हतं. फोनवर म्हणायचा, "थोडंच राहिलंय."

तिसऱ्यांदा हे कानावर पडलं तेव्हा माझं डोकं फिरलं. मी त्याला दंडाला धरून खाली बेकरीत नेलं, टेबलाशी बसवलं आणि कॉफी मागवली.

"थोडंच राहिलंय म्हणजे काय राहिलंय रे? तुला सोडलंय! दार उघडं आहे. काय बघत बसलायस?"

"तिला काय सांगू?" तो म्हणाला. "इतकी वर्षं मी तिला सांगत आलो की माझ्याशिवाय होत नाही. सारायला तिनं तेच सांगितलंय. शाळेत त्या पोरीनं बाबाचं चित्र काढलं तर बकरीच्या शेजारी काढलं. आता जाऊन सांगू की बकरीला माझी गरजच नव्हती? एकदा तरी ती धूळ माझ्या हातानं चालू दे. मग मी गेलो तर खोटा नाही ठरणार."

"तुला काय झालंय हे तुला तरी कळतंय का? लाव फोन. आत्ता. माझ्यासमोर."

त्यानं लावला. आमच्याकडे फोन कानाला लावून बोलायची पद्धत नाही. टेबलावर ठेवायचा आणि सगळ्या बेकरीला ऐकवायचा. आयदेचा आवाज आला. तिची ड्यूटी नुकतीच संपली होती. मागे पातेल्यांचा आवाज येत होता.

आर्बेयनं सांगितलं. सगळं सांगितलं, याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं. आयदेला या धंद्यातलं काही कळत नाही, म्हणून त्यानं तिला स्वयंपाकाच्या भाषेत सांगितलं. सांकोचोचा रस्सा एकदाच शिजवला होता, आणि रोज तोच गरम करून वाढला जात होता. आणि तो स्वतः शेजारच्या शेगडीवर दुसऱ्याच पातेल्यात मीठ-मसाला घालत बसला होता.

"रिकाम्या पातेल्यात," आयदे म्हणाली.

"हो."

"आणि खाणारे म्हणत होते, वा, आज मीठ छान पडलंय."

"हो. नुबियासुद्धा."

मी खाली बघितलं. पलीकडे आयदे हसेल असं मला वाटलं. रडेल असंही वाटलं. पण तसं काही झालं नाही. फक्त पातेल्यांचा आवाज थांबला.

"म्हणजे तू पहिल्या वर्षीच येऊ शकला असतास," ती म्हणाली.

"हो. पण मला माहीत नव्हतं गं."

"ती खूण कुणी केली होती?"

आर्बेयनं कपाची दांडी धरली. "मीच. तेव्हा दुसरं होतंच कोण?"

"आर्बेय, मी रागावून विचारत नाहीये. मला खरंच कळायला हवंय." तिचा आवाज अगदी शांत होता, नर्सबाई रोग्याला विचारतात ना, कुठे दुखतंय, तसा. "ती खूण तू केलीस, आणि मग रोज त्याच पडद्यासमोर बसलास. तुला खरंच माहीत नव्हतं का?"

बेकरीवाल्या मुलीनं काउंटर पुसायचं थांबवलं. मी आर्बेयच्या तोंडाकडे बघत होते. नव्हतं माहीत, असं तो झटकन म्हणेल, म्हणायलाच हवं होतं, मी मनातल्या मनात त्याच्यासाठी ते म्हणतसुद्धा होते. त्यानं तोंड उघडलं. मिटलं. मला पहिल्यांदाच त्याची भीती वाटली, आणि मग त्याच्यासाठी फार वाईट वाटलं. कारण तो खोटं बोलायचा प्रयत्न करत नव्हता. तो आठवायचा प्रयत्न करत होता.

"मला ठाऊक नाही, आयदे," तो म्हणाला.

"बरं," आयदे म्हणाली. "मग ठाऊक झालं की ये. त्याआधी नको येऊस. मला पुन्हा दार उघडून बसायचं नाही."

तिकडे मागे सारायचा आवाज आला, "आई, कोण आहे?"

"बाबा," आयदे म्हणाली. "कामात आहेत."

आणि फोन बंद झाला.

कॉफीवर साय धरली होती. मी त्याला म्हटलं, "ऊठ. ती काही का म्हणेना, आत्ताच्या बसनं जा. दारात उभा राहा. दोन शिव्या देईल आणि आत घेईल. मी बाई आहे, मला कळतं."

"आणि तिनं परत विचारलं तर?"

"तर खरं ते सांग!"

"तेच तर मला सापडत नाहीये, नुबिया," तो म्हणाला. त्यानं फोन खिशात टाकला, खुर्ची नीट टेबलाखाली सरकवली आणि जिना चढून वर गेला.